‘कायम जतन’ आणि ३१ डिसेंबर १९९९

शासकीय कार्यालयात जन्मलेल्या प्रत्येक कागदाला आयुष्य ठरवून दिलेले असते. महाराष्ट्रात अभिलेखांचे अ, ब, क, क-१ आणि ड असे वर्ग आहेत. ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ म्हणजे ३० वर्षे, ‘क’ म्हणजे १० वर्षे, ‘क-१’ म्हणजे ५ वर्षे आणि ‘ड’ म्हणजे १ वर्ष. केंद्र सरकारातील वर्गवारी थोडी निराळी आहे, पण तत्त्व तेच. नस्ती बंद करताना अधिकारी तिच्यावर वर्ग लिहितो, ती अभिलेख कक्षात जाते आणि मुदत संपली की तिचे पुनर्विलोकन होऊन ती ठेवली जाते किंवा नष्ट केली जाते. ही सारी व्यवस्था कागदाचा स्वभाव ओळखून घडलेली आहे. कागदाच्या बाबतीत ‘कायम ठेवावे’ हा आदेश पाळायला फारसे काही करावे लागत नाही. वाळवी, पाणी आणि आग यांपासून गठ्ठा दूर ठेवला की आदेशाचे पालन झाले.

१९६० नंतर सरकारची बरीचशी माहिती कागदावरून चुंबकीय फितींवर गेली. वर्गवारी मात्र कागदाचीच राहिली. त्यामुळे काय घडले आणि त्यातून आजच्या प्रशासकाने काय घ्यावे, हा या लेखाचा विषय आहे.

जयपूरचे अडसट्टे आणि पुण्याचे रुमाल

जयपूरच्या सिविल लाइंस भागात राहू लागल्यापासून मला इथल्या संस्थानी दप्तराविषयी कुतूहल वाटू लागले. आमेर-जयपूर राज्यात प्रत्येक परगण्याचा वार्षिक जमाखर्च लिहिला जाई. त्याला ‘अडसट्टा’ म्हणत. कोणत्या पिकाखाली किती जमीन, रोखीने किती वसुली, धान्याच्या रूपाने किती, परगण्यातच किती खर्च झाला, असा सगळा तपशील त्यात असे. लिहिणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने त्या कागदाची उपयुक्तता पुढच्या एक-दोन हंगामांपुरती होती. राजस्थान राज्य अभिलेखागार १९५५ साली स्थापन झाले आणि १९६० साली बिकानेरला गेले. तेथे हे अडसट्टे सतीशचंद्र, एस. पी. गुप्ता, दिलबाग सिंह यांसारख्या अभ्यासकांनी उलगडले. सतराव्या-अठराव्या शतकातील पूर्व राजस्थानची शेती, पिकांची अदलाबदल, शेतसाऱ्याचा बोजा आणि गावातील विषमता यांविषयी आज जे ठामपणे सांगता येते, त्याचा मोठा आधार हे जमाखर्च आहेत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. तीनशे वर्षांपूर्वीच्या परगण्याची पीकवार आकडेवारी हाती असणे ही जगातही दुर्मीळ गोष्ट आहे.

मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण म्हणजे पुण्याचे पेशवे दप्तर. हजारो रुमालांत बांधलेले हे कागद टिकले. त्यांतून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. पण इथे एक दुसरी गोष्टही दिसते. हे कागद मोडीत आहेत आणि मोडी शाळांतून केव्हाच गेली. कागद धडधाकट असूनही तो वाचणारे मोजकेच उरल्यामुळे दप्तराचा फार मोठा भाग आजही न वाचलेला पडून आहे.

म्हणजे जतनाच्या अटी दोन. एक, वस्तू टिकली पाहिजे. दोन, ती वाचणारा टिकला पाहिजे. मोडीच्या बाबतीत दुसरी अट डळमळीत व्हायला काही पिढ्या लागल्या आणि तरीही ती पूर्ण तुटली नाही, कारण वर्ग भरवून नवे वाचक तयार करता येतात. चुंबकीय फितीच्या बाबतीत या दोन्ही अटी एका अधिकाऱ्याच्या सेवाकाळातच तुटतात.

फिती आल्या तो काळ

१९५० साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. घरोघरी भरलेल्या पत्रकांतील माहिती छिद्रित कार्डांवर उतरवून यंत्राने तक्ते काढले जात. १९६१च्या सुमारास मुंबईत एस्सो या तेल कंपनीकडे आयबीएम १४०१ हा संगणक आला. त्या दशकाच्या उत्तरार्धात रेल्वेने वेतनपत्रके, भांडार आणि वाहतुकीचे हिशोब यांसाठी हीच यंत्रे घेतली. दिल्लीत सांख्यिकी विभागाचे संगणक केंद्र १९६७ साली उभे राहिले.

संगणकाला त्या काळी मोठा विरोध झाला. आयुर्विमा महामंडळातील कर्मचाऱ्यांचे आंदोलन प्रसिद्ध आहे. केंद्र सरकारने स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर होते आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. त्या साऱ्या वादाचा भर रोजगारावर होता आणि तो स्वाभाविक होता. यंत्र माणसाची नोकरी घेईल का, हा प्रश्न देशभर विचारला गेला. यंत्रात गेलेली नोंद पुढे कोणाला वाचता येईल का, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आलाच नाही.

फितीची रचना समजून घेतली की हा प्रश्न किती महत्त्वाचा होता हे कळते. अर्धा इंच रुंद, साधारण २४०० फूट लांब अशी प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर, आणि तो चिकटवून ठेवणारे बंधक द्रव्य. एका रिळावर लाखाहून अधिक कार्डांचा मजकूर मावे. हवेतील दमटपणाने बंधक द्रव्य विघटित होते, फीत चिकट बनते आणि वाचताना थरच निघून येतो. रीळ वर्षानुवर्षे न फिरवता ठेवले की वेढे सैल किंवा घट्ट होतात. सुरुवातीच्या फितींवर सात पट्ट्यांत नोंदी लिहिल्या जात. आयबीएमने १९६४ साली नवी यंत्रमालिका आणली तेव्हापासून नऊ पट्ट्यांची पद्धत रूढ झाली. सात पट्ट्यांची फीत नऊ पट्ट्यांच्या यंत्रावर वाचता येत नाही. १९७८ साली आयबीएमने भारतातील व्यवसाय गुंडाळला आणि जुन्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने सांभाळली. यंत्रे चालू ठेवण्यासाठी तिच्या अभियंत्यांनी मोठे काम केले. पण यंत्राचे आयुष्य किती वाढवणार?

फितीवर लिहिलेली मुदत

फिती महाग होत्या, परकीय चलन लागे, म्हणून त्या पुन्हा पुन्हा वापरल्या जात. यासाठी संगणक केंद्रांत एक शिस्त होती. आजची मूळ फीत ‘मुलगा’, कालची ‘बाप’, परवाची ‘आजोबा’. चौथी पिढी जन्मली की आजोबांची फीत पुसून पुन्हा वापरात येई. रिळाच्या पाठीमागच्या खाचेत प्लास्टिकचे कडे बसवले असेल तरच तिच्यावर लिहिता येई. जी फीत राखायची तिचे कडे काढून ठेवत. अशा तऱ्हेने जतनाचा आदेश प्लास्टिकच्या एका कड्यावर अवलंबून असे.

दुसरी सोय फितीतच होती. प्रत्येक फितीच्या आरंभी यंत्राला वाचता येणारी एक नामपट्टी लिहिली जाई. तीत फाईलचे नाव, निर्मितीची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख असे. तारीख लिहिण्याची रीत अशी की वर्षाचे शेवटचे दोन अंक आणि त्यापुढे वर्षातील दिवसाचा क्रमांक. ८४०३२ म्हणजे १ फेब्रुवारी १९८४. मुदत उलटलेली फीत यंत्र बिनतक्रार पुसू देई. मुदतीच्या आत असलेली पुसायला गेल्यास चालकाला विचारणा होई.

आता ‘कायम’ कसे लिहायचे? पाच अंकांत लिहिता येणारी सर्वांत दूरची तारीख म्हणजे ९९३६५. जगभरच्या संगणक केंद्रांत कायम ठेवायच्या फितींवर हाच आकडा घालण्याचा प्रघात पडला. काही प्रणाल्यांत त्याला ‘कधीही पुसू नये’ असा खास अर्थ दिलेला होता. काहींत तो निव्वळ तारीख होता: १९९९ सालाचा ३६५वा दिवस, ३१ डिसेंबर. १९७० साली तो आकडा टाकणाऱ्याला तीस वर्षे म्हणजे अनंतकाळ वाटला असणार. १९९९ जवळ आले तेव्हा कायम ठेवायच्या फिती नव्या वर्षात कोऱ्या समजल्या जाऊ नयेत म्हणून अनेक ठिकाणी नोंदी तपासाव्या लागल्या.

मला या पाच अंकांत सबंध प्रश्नाचे सार दिसते. कागदावरचा ‘अ’ वर्ग हा काळाबाबतचा निर्णय असतो. फितीवरचा ‘कायम’ हा खर्चाबाबतचा निर्णय असतो. दर काही वर्षांनी कोणीतरी पैसे, यंत्र आणि माणूस लावून ती नोंद पुढच्या फितीवर उतरवील असे ते वचन असते. अंदाजपत्रकात ज्याची तरतूद नाही असे वचन टिकत नाही.

दोन परदेशी दाखले

अमेरिकेच्या १९६० च्या जनगणनेविषयी अशी दंतकथा आहे की तिच्या फिती वाचणारी यंत्रे जगात दोनच उरली आणि जनगणना बुडाली. प्रत्यक्षात घडले ते अधिक बोधप्रद आहे. १९७०च्या दशकाच्या मध्यावर राष्ट्रीय अभिलेखागाराने कायम मोलाच्या फाईली कोणत्या ते ठरवले. त्यांतील ६४२ फिती जुन्या युनिव्हॅक यंत्राच्या होत्या. जनगणना खात्याने १९७९ पर्यंत त्यांतील ६४० फिती नव्या पद्धतीच्या फितींवर उतरवल्या. नुकसान किरकोळ झाले. कारण इतकेच की काय राखायचे हे कोणीतरी वेळेवर विचारले आणि यंत्र चालू असतानाच विचारले.

उलट दाखला चंद्रावतरणाचा. १९६९ साली अपोलो ११ मधून आलेल्या मूळ संकेतांच्या फिती बरीच वर्षे शोधल्यावर, त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने २००९ साली जाहीर केला. उपग्रहांच्या माहितीसाठी फितींचा तुटवडा होता. दूरचित्रवाणीवर दाखवलेली चित्रे इतरत्र होती म्हणून ती वाचली. मूळ, अधिक स्पष्ट नोंद गेली. जगातली सर्वांत गाजलेली नोंदसुद्धा भांडारातील रिकाम्या रिळांच्या गरजेपुढे टिकली नाही, हे प्रशासकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपण काय गमावले

१९७१ साली प्रा. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावर जो निबंध लिहिला, त्याने देशाचे लक्ष वेधले. दिवसाला २२५० उष्मांक मिळतील इतका खर्च ही त्यांची कसोटी होती. १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये. या कसोटीवर ग्रामीण लोकांपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकांपैकी सुमारे ५० टक्के दारिद्र्यात होते. हे गणित नमुना पाहणीच्या छापील तक्त्यांवर उभे होते. तक्त्यांत कुटुंबे खर्चाच्या गटांत बांधलेली असतात. शहराची कसोटी वेगळी लावली तर काय होईल, विधवा कुटुंबप्रमुख असलेल्या घरांचे काय, विदर्भातील शेतमजुराचे काय, हे प्रश्न छापील तक्त्याला विचारता येत नाहीत. त्यासाठी घरटी मूळ नोंद लागते.

आज रोजगार आणि उपभोग यांवरचे बहुतेक संशोधन १९८३ च्या अडतिसाव्या फेरीपासून सुरू होते, कारण घरटी मूळ नोंदींची सलग वापरता येण्याजोगी मालिका तिथपासून मिळते. पाहणी सुरू झाल्यापासूनची तीन दशके आपल्याकडे प्रामुख्याने छापील तक्त्यांच्या रूपातच आहेत. अठराव्या शतकातील जयपूरच्या परगण्यात कोणते पीक किती होते हे नव्याने मोजता येते. पण १९६० सालच्या भारतीय कुटुंबाच्या मासिक खर्चाला नवा प्रश्न विचारणे दुरापास्त आहे. सरकारने सांख्यिकी माहितीच्या प्रसाराचे राष्ट्रीय धोरण १९९९ साली आणले आणि घरटी नोंदी अभ्यासकांना खुल्या केल्या. धोरण उत्तम होते. मात्र जी नोंद हाती आहे तीच खुली करता येते.

अभ्यासकांचे सोडा. वेतन आणि भविष्यनिर्वाह निधीच्या फितींवर जिवंत माणसांचे पैसे होते. कर्मचाऱ्याच्या पगारातून वर्गणी कापली जाते, पण खात्यात जमा दिसत नाही, या प्रकाराला लेखा कार्यालयात ‘मिसिंग क्रेडिट’ म्हणतात. निवृत्तीच्या वेळी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची कपात सिद्ध करायची जबाबदारी कर्मचाऱ्यावर येते. त्या महिन्याचे वेतनपत्रक छापील रूपात मुदत संपून नष्ट झालेले आणि फितीवर असलेले वाचता येत नाही, अशा स्थितीत तो शिक्षक किंवा पहारेकरी काय पुरावा देणार?

कायदा आणि भांडार

असे नव्हे की आपल्याकडे कायदा नाही. सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ साली संमत झाला आणि त्याचे नियम १९९७ साली आले. अभिलेखाच्या व्याख्येत संगणकाने निर्माण केलेल्या सामग्रीचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमावा, २५ वर्षांहून जुन्या अभिलेखांचे मूल्यमापन राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सल्ल्याने करावे, विहित पद्धतीखेरीज काहीही नष्ट करू नये, असे त्यात म्हटले आहे. नियमबाह्य नाश केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. पुढे २००५ च्या माहितीच्या अधिकाराने अभिलेखांची सूची व अनुक्रमणिका ठेवणे हे प्रत्येक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले.

मग फिती जातात कशा? जयपुरातील एका केंद्रीय कार्यालयात जुन्या सामानाच्या निर्लेखनाची यादी माझ्यासमोर आली होती. मोडक्या खुर्च्या, सायक्लोस्टाइल यंत्र, वातानुकूलन यंत्राचा सांगाडा, आणि त्याच यादीत ‘चुंबकीय फिती, निरुपयोगी’ अशी एक ओळ. मी त्या पाहायला मागितल्या. रिळांवर पेन्सिलीने महिना, वर्ष आणि ‘अंतिम’ एवढेच लिहिलेले. फितीवर काय आहे हे सांगणारी नोंदवही आणि कोणत्या स्तंभात कोणती माहिती हे सांगणारा आराखडा कार्यालय बदलताना हरवलेला. वाचणारे यंत्र तर आधीच्याच लिलावात गेले होते.

त्या ओळीत खरे कारण दडलेले आहे. फीत विकत घेतली तेव्हा ती जडवस्तूंच्या नोंदवहीत चढली. अभिलेखांच्या नोंदवहीत ती कधीच चढली नाही. त्यामुळे तिचा शेवट ठरवते ती भांडाराची समिती, वित्तीय नियमांनुसार. अभिलेख अधिकाऱ्याला कोणी विचारत नाही, कारण त्याच्या वहीत ती नाहीच. कायदा मोडल्याची जाणीवही कोणाला होत नाही. प्रत्येकाने आपापला नियम पाळलेला असतो.

याला दुसरी बाजूही आहे. सगळेच राखावे असे मी म्हणत नाही. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन सुधारणांचा जो नमुना घालून दिला, त्यात अभिलेखांची छाननी आणि निरुपयोगी कागदांचा वेळेवर नाश यांना मोठे स्थान होते. न छाटलेले दप्तर आणि नसलेले दप्तर यांत शोधणाऱ्याच्या दृष्टीने फरक नसतो. शिवाय फितींवर नावे, पगार, कौटुंबिक माहिती असते. जनगणना अधिनियम १९४८ नुसार व्यक्तीची नोंद गोपनीय आहे. जिच्यावर अशा नोंदी असतील ती फीत न पुसता भंगारवाल्याला वजनावर देणे हेही कर्तव्यच्युतीचेच उदाहरण होय.

करण्यासारखे काही

या अनुभवांतून काही गोष्टी सुचतात. त्या आजच्या सर्व्हर, हार्डडिस्क आणि क्लाउडलाही तितक्याच लागू आहेत.

१. जतनाचा वर्ग नस्ती बंद होताना ठरतो. यंत्रावरील माहितीचा वर्ग ती प्रणाली सुरू होण्याच्या दिवशीच ठरावा. शेवटी ठरवायला बसल्यावर वाचणारे यंत्र उरलेले नसते.

२. नवे यंत्र घेण्याच्या निविदेत, जुन्या यंत्रावरील राखीव माहिती नव्यावर आणून पडताळून देणे ही अट असावी आणि तिची किंमत त्याच मंजुरीत धरावी. पडताळणी झाल्याच्या दाखल्याखेरीज जुन्या यंत्राचे निर्लेखन होऊ नये.

३. नोंदींचा आराखडा आणि संकेतांची यादी टिकाऊ कागदावर छापून ‘अ’ वर्गात ठेवावी. आराखड्याशिवाय वाचलेली फीत म्हणजे अंकांची रांग.

४. माहिती साठवलेली प्रत्येक वस्तू दोन नोंदवह्यांत असावी, भांडाराच्या आणि अभिलेखांच्या. निर्लेखन समितीच्या कार्यवृत्तावर अभिलेख अधिकाऱ्याची सही बंधनकारक करावी.

५. जे नष्ट करायचे ते मुदतीत आणि पूर्ण पुसून नष्ट करावे, आणि काय नष्ट केले त्याची यादी कायम ठेवावी. पुढच्या पिढीला निदान काय नाही हे तरी कळावे.

यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही. विभागप्रमुखाचे एक परिपत्रक पुरेसे आहे.

शेवटी १९९३ च्या अधिनियमातील एका तरतुदीकडे लक्ष वेधतो. १८९२ पूर्वीचा कोणताही अभिलेख, तो अगदी निकामी झाला असल्याखेरीज, नष्ट करता येत नाही. जुन्या कागदाला हे संरक्षण योग्यच आहे. पण आपल्या दप्तरातील सर्वांत नाजूक थर १८९२ पूर्वीचा नाही. तो १९६० ते १९९० या तीन दशकांचा आहे आणि वयाने तो आपल्यापैकी अनेकांहून लहान आहे. आपल्या कार्यालयाच्या भांडारात अशी रिळे, काडतुसे किंवा फ्लॉपी असतील, तर पुढच्या निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी ती यादी अभिलेख अधिकाऱ्याकडे पाठवावी. त्याला काही दिवस लागतील, तेवढे थांबायला हरकत नाही.